बारोक ते ब्राझील: नाशिकच्या गायकवृंदाने एका हंगामाचे चार कार्यक्रम कसे बांधावेत

वीस-बावीस जणांचा हौशी गायकवृंद एकाच वर्षात बारोक काळातले (साधारण १६०० ते १७५०) इटलीचे मॉन्तेव्हेर्दी आणि व्हिवाल्दी, तुकोबांचे अभंग आणि ब्राझीलचा बायाँव हा नाचाचा ताल गाऊ शकतो. हंगाम फसतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. चार कार्यक्रमांची चार वेगळी गाठोडी बांधली की प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात होते आणि फेब्रुवारीपर्यंत लोक थकतात. म्हणून गाणी निवडताना एकच प्रश्न विचारा: हे गाणं पुढच्या कार्यक्रमासाठी गळ्याला काय शिकवतं? खालची सगळी आखणी याच प्रश्नावर उभी आहे.

आवाजांची जुळवणी

२२ जण धरू. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) ७, आल्टो (बायकांचा खालचा) ६, टेनर (पुरुषांचा उंच) ४, बास (पुरुषांचा खालचा) ५. आठ भागांची रचना आली तरी प्रत्येक भागाला दोन माणसं मिळतात, आणि एकाने श्वास घेतला तर दुसरा स्वर धरून ठेवतो.

नाशिकमध्ये तालमीला येणाऱ्या बायका बहुतेक शास्त्रीय किंवा सुगम शिकलेल्या असतात. त्यांचा सा काळी चार किंवा काळी पाचला, आणि सवय तार पंचमापर्यंतची. काळी चारच्या हिशोबाने सोप्रानोला तार निषादापर्यंत जावं लागतं. छातीचा आवाज ताणून तिथे पोचण्याचा प्रयत्न केला की मानेच्या शिरा दिसतात, हनुवटी वर जाते आणि स्वर उतरतो. उपाय वरून खाली येण्याचा आहे. तार पंचमावर अगदी हलका 'ऊ' लावायचा, पाच स्वर खाली उतरायचं, मग सुरुवात अर्ध्या स्वराने वर न्यायची. रोज दहा मिनिटं, किमान तीन महिने. यात घाई करू नका. घाईने मिळवलेला उंच स्वर कार्यक्रमाच्या दिवशी हमखास दगा देतो.

पुरुषांचं उलट आहे. काळी एकला सा लावणारा गायक तार पंचम सहज घेतो, म्हणजे टेनरची उंची त्याच्याकडे आहे. अडचण खाली येते. बासला मंद्र मध्यम, कधी मंद्र गांधार लागतो, आणि तिथे आवाज नुसता हवा होतो. निवड करताना गाणं म्हणवून घेऊ नका, कारण प्रत्येक जण आपल्या सोयीची पट्टी घेतो. पेटीवर एकेक स्वर देत वर आणि खाली न्या, आणि आवाज कुठे पातळ होतो ते कागदावर लिहून ठेवा.

टेनर कमी पडले तर दोन खालच्या आवाजाच्या आल्टो त्यांच्यात बसवा. यात कमीपणा नाही. व्हिवाल्दी ज्या व्हेनिसच्या पिएता संस्थेसाठी लिहीत होता तिथे सगळ्या गाणाऱ्या मुलीच होत्या.

सरगम, तंबोरा आणि मींड

सगळ्यांना स्टाफ नोटेशन येत नाही म्हणून काम अडत नाही. पानावर स्टाफ नोटेशनच ठेवा, पण स्वरांखाली पेन्सिलने सरगम लिहा. सा म्हणजे त्या वेळच्या पट्टीचा मूळ स्वर. खरी गोची बाखमध्ये होते: रचना चालू असतानाच पट्टी बदलते आणि सा सरकतो. ती जागा चौकट करून दाखवा, 'इथे प चा सा झाला' असं लिहा. मूर्च्छना ज्यांना माहीत आहे त्यांना हे एका तालमीत कळतं. ज्यांनी जुना सा धरून ठेवला ते पुढच्या चार आवर्तनांत तीव्र मध्यमावर अडखळतात. ब्राझीलचा संगीतकार व्हिला-लोबोस याने १९३० च्या दशकात ब्राझीलच्या शाळांमध्ये हजारो मुलांची समूहगायनं उभी केली तेव्हा स्वरांसाठी हाताच्या खुणा वापरल्या होत्या. सात स्वरांच्या सात खुणा ठरवून घ्या. कागद खाली ठेवून गाताना फार उपयोगी पडतात.

तंबोरा हे आपलं मोठं भांडवल आहे. पेटीचा किंवा कीबोर्डचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक सेंट). सा-ग-प एकत्र उभे केल्यावर पेटीचा गांधार खरखरतो, तंबोऱ्याचा विरघळतो. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा कॉर्ड (असे एकत्र उभे केलेले स्वर) तंबोऱ्यावर जुळवा. मधल्या भागात मात्र तंबोरा बंद ठेवा, कारण कॉर्ड बदलत राहतो आणि स्थिर सा प्रत्येक दुसऱ्या कॉर्डशी भांडतो. पेटी तालमीत फक्त सुरुवातीचा स्वर देण्यापुरती. पेटीच्या साथीने महिनाभर बसवलेली रचना साथ काढली की खाली घसरते.

घसरण मोजत राहा. विनासाथ गाणं संपलं की लगेच ट्यूनरवर शेवटचा स्वर पाहा. अर्धा स्वर उतरला असेल तर कारण बहुधा दोन ठिकाणी सापडतं: एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा म्हणायचे शब्द, आणि खाली उतरणारे अर्धे स्वर मोठे घेण्याची सवय. 'उतरताना पावलं लहान' एवढंच रोज सांगा.

मींड आणि कण हा तिसरा मुद्दा. एकट्या गळ्याला ते शोभा देतात. चार भाग वेगवेगळ्या वेळी सरकले की कॉर्ड चिखल होतो. तालमीची पहिली वीस मिनिटं सरळ, उभ्या स्वरांची ठेवा. मुरकी पूर्ण सोडायची नाही. बारोकचा ट्रिल मुरकीच्या जवळचा आहे, फक्त तो वरच्या स्वरापासून सुरू करायचा आणि कुणी करायचा हे आधी ठरवायचं. एका भागात एकानेच.

नाशिकचं वर्ष बघून तारखा

तालमी जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा. गणपती, नवरात्र आणि दिवाळी वजा केली की नोव्हेंबरअखेरपर्यंत चौदा-पंधरा आठवडे खरे हाती लागतात. पहिला कार्यक्रम नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. दुसरा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, त्यानंतर नको: ज्यांचे गळे तुम्हाला हवेत ते चर्चच्या गायकवृंदात अडकलेले असतात. तिसरा २७ फेब्रुवारीला. मराठी भाषा गौरव दिन म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि नाशिकमध्ये त्या दिवशी मराठीच गायलं पाहिजे. सभागृह मात्र वर्षभर आधी धरावं लागतं, कारण तो दिवस सगळ्यांनाच हवा असतो. चौथा एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर. रामनवमी आणि त्यानंतरच्या एकादशीची रथयात्रा सोडा, १४ एप्रिल सोडा. मार्चमध्ये रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे हौद) उघडतात, त्या दिवशी गावात तालीम ठेवू नका. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी आणि रामकुंडाकडचे रस्ते कधीही बंद होऊ शकतात. त्या वर्षी तालमीची जागा गंगापूर रोड किंवा नाशिकरोडच्या बाजूला घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एक कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्याची तालीम सुरू करणं. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरचा दुसरा रविवार यांत दोनच आठवडे आहेत. दोन तासांची तालीम अशी तोडा: २० मिनिटं आवाज, ५० मिनिटं जवळचा कार्यक्रम, ३० मिनिटं त्यानंतरचा, २० मिनिटं सगळ्यात लांबचा. पोर्तुगीजचा पहिला शब्द ऑगस्टमध्ये तोंडात यायला हवा.

नोव्हेंबर: उतरता खर्ज

पहिला कार्यक्रम ६० मिनिटांचा, मध्यंतर न ठेवता. आधार घ्या मॉन्तेव्हेर्दीच्या 'लामेंतो देल्ला निन्फा'चा, १६३८ च्या मॅड्रिगल संग्रहातला. खालचा साज (चेलो आणि कीबोर्डची खर्जाची साथ) चार उतरते स्वर पुन्हा पुन्हा वाजवतो, त्यावर एक सोप्रानो विलाप करते आणि दोन टेनर व एक बास तिच्याबद्दल बोलतात. मॉन्तेव्हेर्दीने स्वतः लिहून ठेवलंय की पुरुषांनी हाताच्या तालाने गावं आणि तिने मनाच्या भावाच्या चालीने. ठेका स्थिर ठेवून त्यावर मोकळं गाणं आपल्याला नवीन नाही, म्हणून ही रचना नाशिकच्या गायिकेला लवकर उमगते. चूक होते ती दुसऱ्या बाजूने: ती रेंगाळली की पुरुषही रेंगाळतात. तालमीत तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरी उभी करा. पुरुषांनी फक्त खर्ज ऐकायचा.

हा उतरता खर्ज लक्षात ठेवा. तोच धागा एप्रिलपर्यंत जातो. ब्राझीलच्या जोबीमच्या अनेक गाण्यांत खालचा स्वर असाच पायरी-पायरीने उतरत राहतो आणि वरची चाल जवळपास एकाच जागी थांबते. नोव्हेंबरमध्ये ज्यांनी खर्ज ऐकायला शिकलं त्यांना एप्रिलमध्ये नवीन काही शिकावं लागत नाही.

दुसरी रचना इंग्लंडच्या पर्सेलची 'हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड'. आठ भाग, अवघी ३४ आवर्तनं, अडीच मिनिटांच्या आसपास. सुरुवात एकाच स्वरावरच्या शब्दांनी आणि वरच्या कोमल गांधाराला स्पर्श करून परत येण्याने होते. आठही भाग एकमेकांवर चढत शेवटच्या कॉर्डच्या आधी प्रचंड ताण उभा करतात. इथे प्रत्येक जण कानाला खटकणारा स्वर 'दुरुस्त' करायला जातो आणि सगळा ताण विरघळून जातो. खटकणारा स्वर धरून ठेवायचा, समोरच्याने सोडेपर्यंत. शेवटची आठ आवर्तनं निम्म्या लयीत, दोन-दोन भाग घेऊन बसवा. आवाज हळूहळू वाढवायचा आहे हे विसरू नका. बहुतेक गायकवृंद मध्यावरच पूर्ण जोरावर पोचतात आणि शेवटासाठी काही उरत नाही.

त्यात जर्मनीच्या श्युट्झच्या १६४८ च्या संग्रहातले एक-दोन मोटेट (छोटी धार्मिक समूहगीतं) घाला, आणि शेवट बाखच्या नावावर असलेल्या 'लोबेट डेन हेर्न'ने करा, बाखच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही २३०. चार भाग आणि खालचा साज, सहा-सात मिनिटं. इथे लांब ताना आहेत. आपली गमकयुक्त तान इथे चालत नाही, कारण चार भागांच्या गमका एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो. दाणेदार तान घ्या: चार-चार स्वरांचे गट, पहिल्यावर किंचित वजन, जबडा स्थिर. लय मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू करून दर आठवड्याला चाराने वाढवा. शेवटच्या आलेलुयाला तीन मात्रांची चाल आहे. बारोकमध्ये अशा चालीत शेवट जवळ आला की दोन आवर्तनांचे तीन-तीन मोडून दोन-दोन-दोन होतात. दादऱ्याचं एक आवर्तन घेऊन सहा मात्रा ३+३ आणि मग २+२+२ टाळ्यांनी म्हणून पाहा, म्हणजे पायात बसेल.

पट्टीचं एक सोपं गणित. बारोक वाद्यं वाजवणारे आज साधारण ४१५ हर्ट्झला जुळवतात, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. विनासाथ रचना अर्धा स्वर खाली घेतल्याने सोप्रानोंचा जीव हलका होतो आणि ते शास्त्राला धरूनच आहे. कीबोर्डवर ट्रान्स्पोझ उणे एक करा, ऑर्गनचा साधा, न थरथरणारा आवाज निवडा. व्हायोलिन-चेलोवाल्यांना मात्र कार्यक्रमाच्या दिवशी तारा उतरवायला सांगू नका. ताण बदलला की तारा दोन दिवस सरकत राहतात. त्यांच्यासोबत ४४० वरच गा.

डिसेंबर: व्हिवाल्दी आणि टिळक

व्हिवाल्दीचा 'ग्लोरिया', त्याच्या सूचीत आरव्ही ५८९, एकामागून एक येणारे बारा तुकडे, साधारण अर्धा तास. तारवाद्यं, एक ओबो, एक ट्रम्पेट आणि खालचा साज. नाशिकमध्ये सगळे वादक मिळाले नाहीत तर मुंबई-पुण्याहून दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि ट्रम्पेट एवढे बोलवा. ओबोची ओळ व्हायोलिनवर चालते, ट्रम्पेटची कीबोर्डवर चालत नाही. वादकांसोबत एक पूर्ण तालीम आदल्या दिवशी हवीच. डिसेंबरच्या रात्री नाशिकला तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं आणि थंड ट्रम्पेट खाली बोलतो. वादकाला सांगा की मधल्या भागांत वाद्यातून नुसता गरम श्वास फुंकत राहा.

लॅटिनचा उच्चार देवनागरीत लिहून घ्या, त्यात आपला फायदा आहे. इंग्रजी शाळेतून आलेल्यांच्या तोंडात ट आणि ड येतात. लॅटिनला त आणि द हवेत, दातांवरचे, महाप्राण न करता. मराठीत दोन च आहेत आणि लॅटिनला दोन्ही लागतात: 'ग्रात्सिआस'मध्ये चमच्यातला च, 'चेलेस्तिस'मध्ये चिमणीतला च. 'एक्शेल्सिस', 'ओमिनिबुस' (ह गाळून), 'मान्याम', 'आजिमुस'. हे कष्ट एप्रिलमध्ये परत वापरायचे आहेत, कारण ब्राझीलच्या कार्यक्रमाचा मोठा भाग लॅटिनमध्येच आहे.

उरलेली वीस मिनिटं मराठी ख्रिस्ती पदांना द्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं साकी, ओवी, अभंगाच्या चालींवर चालतात. त्यांना चार भागांत कोंबू नका. एक गळा आणि मागे सगळ्यांचा धरलेला सा-प पुरेसा. शरणपूर असो की नाशिकरोड, श्रोत्यांना ही पदं पाठ असतात. शेवटचं कडवं त्यांना म्हणू द्या.

फेब्रुवारी: मराठी वृंदगान

अभंगाखाली पाश्चात्त्य कॉर्ड रचून ठेवले की राग मरतो. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. खाली ठेवलेल्या कॉर्डमध्ये ते आले की भूप राहत नाही. म्हणून रागातल्याच स्वरांनी भाग करा. तीन मार्ग हाताशी आहेत: सा-पचा धरलेला स्वर, तीच चाल अर्धं आवर्तन उशिरा सुरू करणं, आणि खालच्या भागाने चालीचाच एखादा तुकडा पुन्हा पुन्हा म्हणणं. शेवटचा मार्ग नोव्हेंबरच्या उतरत्या खर्जाचाच भाऊ आहे. भैरवीत सगळ्यात जास्त मोकळीक मिळते, म्हणून पहिली रचना भैरवीत करून पाहा.

नोव्हेंबरपासून दाबून ठेवलेल्या मींडेला इथे परत येऊ द्या, पण फक्त एकट्या गळ्याच्या जागी. ओवी आणि भारूड घेतलंत तर ढोलकी एकच, आणि ती गायकांच्या मागे.

हक्कांचा प्रश्न इथेच सोडवून घ्या. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या आरंभापासून. तुकोबा, जनाबाई मोकळे. टिळक १९१९ ला गेले, तेही मोकळे. कुसुमाग्रज १९९९ ला गेले. त्यांच्या कवितेला चाल लावायची तर २०५९ अखेरपर्यंत परवानगी हवी, आणि ती लेखी, तालीम सुरू होण्याआधी. व्हिला-लोबोस १९५९ ला गेला, म्हणून त्याचं संगीत भारतात २०२० पासून मोकळं आहे, पण त्यावरचे शब्द दुसऱ्या कुणाचे असतील तर त्यांचा हिशोब वेगळा. जोबीम १९९४ ला गेला, म्हणजे परवाना लागतोच. दुसऱ्याने केलेली मांडणी ही आणखी वेगळी मालमत्ता: लोकगीत मोकळं असलं तरी त्याची छापील मांडणी मोकळी नसते. २२ गायक, एक संचालक, एक साथीदार अशा २४ प्रती विकत घ्या आणि झेरॉक्स काढू नका. बारोकच्या प्रती सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. छापण्याआधी चुका तपासा, विशेषतः शब्द कुठल्या स्वराखाली पडतात ते.

एप्रिल: ब्राझील

सुरुवात लॅटिनने. जुझे मौरिसियु नुनेस गार्सिया (१७६७–१८३०) हा रिओचा कृष्णवर्णीय पाद्री-संगीतकार, त्याची लहान मोटेट घ्या. मग व्हिला-लोबोस. त्याने १९३० ते १९४५ मध्ये 'बाखियानास ब्राझिलेइरास' नावाच्या नऊ रचना केल्या, बाखची रीत आणि ब्राझीलच्या चाली एकत्र करून. हंगामाचं पहिलं टोक शेवटच्या टोकाला इथे जुळतं. नववी खास वृंदासाठी आहे, पण शब्दांविना, खूप भागांत विभागलेली. पहिल्या वर्षी ती हातात घेऊ नका. पाचवीतला आरिया सोप्रानो आणि गिटारसाठी त्यानेच मांडून ठेवला आहे. तो नोव्हेंबरच्या विलाप करणाऱ्या गायिकेलाच द्या. मोठा भाग नुसत्या 'आ'वर आहे आणि शेवट तोंड मिटून गुणगुणण्याचा. गुणगुणताना दात एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर उंच स्वर कोंडतो.

त्यानंतर एर्नानी आगियारचा 'साल्मो १५०'. विनासाथ, लॅटिन, दोनेक मिनिटं, आणि प्रचंड वेगवान. शब्द तुटतात कारण लोक ओठांनी गातात. तीन आठवडे स्वर न लावता, कुजबुजत, मेट्रोनोमवर म्हणवून घ्या. त आणि द जिभेच्या टोकाने.

आता लोकगीत. ईशान्य ब्राझीलचं 'मुलिएर रेंदेइरा', लेस विणणाऱ्या बाईला उद्देशून म्हटलेलं. तू मला विणायला शिकव, मी तुला प्रेम करायला शिकवतो, असा भाव. येवल्याच्या पैठणीच्या मागांची ओळख असलेल्या नाशिककरांना या गाण्याची प्रस्तावना एका वाक्यात करता येते. मांडणी स्वतः करा, म्हणजे परवान्याचा प्रश्न राहत नाही.

याची चाल बायाँवची. आठ मात्रा, पण ३+३+२ अशा. केरवाही आठ मात्रांचा, म्हणून सोपं वाटतं, आणि तिथेच घात होतो: केरव्याचं वजन पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, बायाँवचं पहिल्या, चौथ्या आणि सातव्या. तीन आठवड्यांनीही पाचवी मात्रा चोरून जड होतच राहते. अर्ध्या लोकांनी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन म्हणायचं, अर्ध्यांनी पायाने सरळ चार ठोके द्यायचे, आणि दर मिनिटाला अदलाबदल.

सांबाची अडचण वेगळी. दोन ठोक्यांचं आवर्तन आणि सुर्दू नावाचा मोठा ढोल वजन देतो दुसऱ्या ठोक्यावर. आपलं शरीर समेवर पडतं. पहिला ठोका पंजाने, हलका. दुसरा पूर्ण टाचेने. असं चालत चालत गाणं म्हणा. उभ्याने शिकवलेला सांबा बसतच नाही.

वाद्यं गावातच मिळतील. सुर्दूच्या जागी नाशिक ढोल, पण एकच, आतून जाड टॉवेल लावलेला, टिपरूऐवजी कापड गुंडाळलेल्या काठीने वाजवलेला. उघडा ढोल २२ गळे गिळतो. पांदेइरूला खंजिरी, तिच्या चकत्या जास्त वेळ झणझणतात, म्हणून अर्ध्या चकत्यांना चिकटपट्टी लावा. तांबुरीमला दिमडी आणि बारीक काडी. बायाँवच्या झाबुंबा ढोलाला खालच्या बाजूने बारीक काडी लागते, तिथे हलगीवाला सगळ्यात लवकर शिकतो. गांझा या खुळखुळ्यासाठी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक तृतीयांश ज्वारी. तांदूळ फार कुरकुरतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात चामडं आवळून वाद्यं चढी बोलतात. कार्यक्रमाआधी अर्धा तास ओला फडका पिळून चामड्यावर एकदा फिरवा, त्याहून जास्त नको.

पोर्तुगीज देवनागरीत छान बसते, चंद्रबिंदूसकट: 'नाँव', 'कोरासाँव', 'मिञा', 'नोइचि', 'सिदाजि', 'हीउ', 'ब्राझीउ'. शेवटचा ओ उ होतो, सुरुवातीचा र ह होतो. दोन स्वरांमधला स 'जवळ'मधल्या ज-सारखा. लोकगीतात मात्र 'चि-जि' करू नका. पेर्नाम्बुकोसारख्या ईशान्येच्या भागात पुष्कळ ठिकाणी 'ति-दि'च राहतं. गोव्याकडचं कुणी पोर्तुगीज शिकवायला मिळालं तर उत्तमच, पण तिथला वारसा पोर्तुगालच्या उच्चाराचा आहे, जिथे मधले स्वर गिळतात. ब्राझीलमध्ये ते उघडे असतात.

जोबीमचं एखादं गाणं परवाना मिळाला तर शेवटून दुसरं ठेवा. आवाज जवळच्या माणसाशी बोलण्याइतकाच. नाट्यसंगीताची फेक इथे सगळं मोडून टाकते. खर्ज उतरत राहील, तो ऐकत वरची चाल सोडून द्यायची.

सभागृह आणि ध्वनी

कालिदास कलामंदिर, सायखेडकर नाट्यगृह, कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह: बघायला जाताना सोबत एक गायक न्या. रंगमंचाच्या मध्यावर एक टाळी वाजवा आणि नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजा. दीड-दोन सेकंद लागले तर बारोक विनामाइक गाता येईल. एका सेकंदाच्या आत विरला तर जागा बोलण्यासाठी चांगली आणि पर्सेलसाठी वाईट. नाटकासाठी बांधलेल्या जागा बहुधा अशाच कोरड्या असतात, म्हणून नोव्हेंबरसाठी दगडी चर्चची विचारणा आधी करा आणि ब्राझीलला नाट्यगृह ठेवा, तिथे ताल स्वच्छ ऐकू येतो.

माइक लावावेच लागले तर प्रत्येकाला एक देऊ नका. ध्वनिवाले आग्रह करतात. नम्रपणे नाही म्हणा. दोन कंडेन्सर, गायकांपासून दोन ते अडीच मीटर पुढे, जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच. मॉनिटर बंद. शांत रचनांच्या वेळी पंखे बंद करण्यासाठी एक माणूस बटणांजवळ उभा ठेवा. उघड्यावर गाणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा लक्षात घेऊन साडेसातला सुरू करा.

उभं राहणं अर्धवर्तुळात, दोन ओळी, मागची ओळ एक पायरी उंच. बास मध्यभागी मागे, म्हणजे सगळ्यांना खर्ज ऐकू येतो. प्रत्येक रचनेआधी मराठीत दोन वाक्यांचा अर्थ, चाळीस सेकंदांच्या आत, आणि बोलणाऱ्याने ज्या स्वरात गाणं सुरू होणार त्याच्याजवळच्या पट्टीत बोलायचं. फार चढ्या आवाजात बोललं की पुढचा हळू सुरू होणारा पर्सेल पहिल्या ओळीत विरतो. सुरुवातीचा स्वर देणाऱ्याने ट्यूनिंग फोर्क कानाशी धरून चारही स्वर गुणगुणत द्यावेत, आणि गायकांचं प्यायचं पाणी कोमट असावं.